मायक्रोसेकंद आणि दहा सेंटीमीटर: मॉडेल ट्रेनच्या वेगमापनाकडे जरा कडक नजरेने

मॉडेल ट्रेनचा वेग मोजणारा एखादा प्रोजेक्ट रिपोर्ट तुमच्या नजरेखालून गेलेला असणारच. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा असेल, एमएस्सीचा असेल, नाहीतर एखाद्या छोट्या परिषदेत छापलेला पाच-सहा पानी पेपर. साचा ठरलेला असतो. रुळाच्या कडेला १० सेंमी अंतरावर दोन इन्फ्रारेड सेन्सर, एक अर्डुइनो उनो, एक एलसीडी. गाडी पहिल्या सेन्सरसमोर आली की घड्याळ सुरू, दुसऱ्यासमोर आली की बंद. अंतर भागिले वेळ, गुणिले स्केल. पडद्यावर येतं: ९९.८७ किमी/तास. शेवटच्या पानावर निष्कर्ष: ‘सिस्टिम ९९ टक्के अचूक आहे.’

आज या साच्याचंच परीक्षण करायचं आहे. कुठला एक रिपोर्ट समोर ठेवून नाही, कारण चुका जवळपास सगळीकडे त्याच असतात. आणि रिपोर्ट टाकाऊ असतात असंही मी म्हणत नाही. सर्किट चालतं, कोड दिलेला असतो, खर्च हजारभर रुपयांच्या आसपास. पेट ही सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत असलेल्या कुणालाही मी हा प्रयोग करून बघायला सांगेन. कारण इथे मोजायचं यंत्र आणि मोजली जाणारी वस्तू दोन्ही टेबलावर उघडी पडलेली असतात. महागड्या उपकरणाच्या डब्यात लपलेल्या चुका इथे बोटाने दाखवता येतात.

आधी आकड्यांचा अंदाज येऊ द्या. एचओ स्केल म्हणजे १:८७. खऱ्या गाडीचे १०० किमी/तास म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, त्याला ८७ने भागलं की सेकंदाला साधारण ३२ सेंमी. (पुण्याच्या कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहिलं असेल तर अशा गाड्या डोळ्यांना किती वेगवान वाटतात ते आठवेल.) म्हणजे १० सेंमी पार करायला गाडीला ०.३१३ सेकंद लागतात. आपलं सगळं मोजमाप या एक-तृतीयांश सेकंदाच्या आत उरकायचं आहे.

आता रिपोर्टमधलं ठरलेलं वाक्य येतं: ‘मायक्रोज फंक्शनमुळे ४ मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक वेळ मिळते.’ इथे थांबा. ४ मायक्रोसेकंद हे रिझोल्यूशन झालं, म्हणजे घड्याळाचा काटा किती बारीक पावलांनी सरकतो ते. घड्याळ बरोबर चालतं का, हा प्रश्न वेगळा. उनोच्या मुख्य चिपला क्वार्ट्झ क्रिस्टल नसतो, सिरॅमिक रेझोनेटर असतो, आणि तो अर्ध्या टक्क्यापर्यंत इकडेतिकडे असू शकतो. ०.३१३ सेकंदाचा अर्धा टक्का म्हणजे सुमारे १.६ मिलिसेकंद. ज्या ४ मायक्रोसेकंदांचा रिपोर्टमध्ये गौरव झाला, त्यांच्या जवळजवळ चारशे पट!

पण गंमत पुढेच आहे. ही अर्ध्या टक्क्याची चूकसुद्धा इथे फारशी महत्त्वाची नाही. खरा घोळ आहे त्या ‘१० सेंमी’मध्ये.

ते १० सेंमी मोजले कसे? एका एलईडीच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टी लावली, झालं. पण सेन्सर काही स्वतःच्या मध्यावर उडत नाही. एलईडी आणि फोटोट्रान्झिस्टर दोन्ही ५ मिमी व्यासाचे. त्यांच्यामधला किरण म्हणजे दोरा नव्हे, चांगला जाडसर पट्टा आहे. इंजिनाचं नाक त्या पट्ट्यात हळूहळू शिरतं, प्रकाश हळूहळू कमी होतो, आणि कुठेतरी मध्ये कंपॅरेटर ठरवतो की ‘गाडी आली’. ते ‘कुठेतरी’ मॉड्यूलवरच्या छोट्या निळ्या पोटेन्शिओमीटरने ठरतं. तो पोट आपण स्क्रूड्रायव्हरने, दिवा लागेपर्यंत, अंदाजाने फिरवलेला असतो. दोन मॉड्यूलचे दोन पोट सारखे लागलेले असण्याची शक्यता जवळपास शून्य. त्यात दुपारी खिडकीतून ऊन आलं की दोघांचा उंबरठा परत बदलतो, आणि तोही सारखा बदलत नाही.

प्रत्येक सेन्सरची उडण्याची जागा २ मिमीने अनिश्चित धरली, तर दोघांची मिळून अंतरातली अनिश्चितता वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने येते २.८ मिमी, म्हणजे १०० मिमीमध्ये साधारण ३ टक्के. घड्याळाचा अर्धा टक्का त्याच पद्धतीने मिळवला तर ३ चे होतात ३.०४. म्हणून ‘पुढील काम’ या मथळ्याखाली ‘अधिक वेगवान मायक्रोकंट्रोलर वापरता येईल’ असं लिहिलेलं दिसलं की मला हसू येतं. वेगवान चिप घेऊन ते ३.०४चे ३.०० करतील. पडद्यावरचे ९९.८७ हे प्रामाणिकपणे लिहायचे तर १०० ± ३ किमी/तास. दशांश चिन्हानंतरचं सगळं एलसीडीत जागा शिल्लक होती म्हणून आलेलं आहे.

‘पण आम्ही वीस वेळा गाडी फिरवली, आकडे एकमेकांच्या जवळ आले,’ असं उत्तर मिळतं. येणारच! पोट तेच, किरण तोच, पट्टी तीच. चूक प्रत्येक फेरीत तेवढीच आणि त्याच दिशेला आहे, त्यामुळे वीस काय दोनशे फेऱ्यांतही ती दिसणार नाही. याला रिपीटेबिलिटी म्हणतात. ‘९९ टक्के अचूक’मधले ९९ टक्के बहुतेक वेळा इथूनच आलेले असतात. हा फरक पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलेला असतो, बाणांनी भरलेल्या गोल निशाण्याच्या आकृतीसकट. स्वतःच्या टेबलावर तो ओळखता येणं ही वेगळी गोष्ट आहे. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात: ‘हे कशाशी ताडून पाहिलंत?’

आणि कशाशी ताडलेलं असतं? बऱ्याचदा हातातल्या स्टॉपवॉचशी. १० सेंमीसाठी ही तुलना निरर्थक आहे; माणसाच्या बोटाचीच दहाव्या-पाचव्या भागाइतक्या सेकंदाची चूक असते, आणि मोजायचं आहे ०.३१३ सेकंद. पण स्टॉपवॉच पूर्ण फेरीसाठी वापरा आणि बघा काय होतं. रुळाचं वर्तुळ ५ मीटरचं असेल तर त्याच वेगाने एका फेरीला साडेपंधरा सेकंद लागतात. ०.२ सेकंदाची चूक झाली तरी ती १.३ टक्के. म्हणजे फेरीच्या सरासरी वेगासाठी एक टेप आणि एक स्टॉपवॉच आपल्या इलेक्ट्रॉनिक गेटपेक्षा सरस ठरतात. दहा फेऱ्या मोजल्या तर वेळेची चूक ०.१३ टक्क्यावर येते, आणि मग रुळाची लांबी कुठल्या रेषेवरून मोजली हा प्रश्न मोठा होतो. हे बघून इलेक्ट्रॉनिक्स गुंडाळून ठेवू नका. एकच सेन्सर लावा आणि फेरीची सुरुवात व शेवट त्याच सेन्सरने टिपा. तो किरणाच्या मध्यावर उडो की कडेवर, दोन्ही वेळा सारखाच उडणार. उडण्याच्या जागेची चूक आपोआप वजा होते.

दोन सेन्सरच्या गेटवरही उपाय आहे, आणि तो पाच मिनिटांचा आहे. इंजिन हाताने, अगदी सावकाश ढकला. मॉड्यूलवरचा दिवा ज्या क्षणी बदलेल तिथे इंजिनाच्या नाकाची जागा रुळाशेजारच्या पट्टीवर नोंदवा. दुसऱ्या सेन्सरलाही तसंच. दोन खुणांमधलं अंतर हे तुमचं खरं कामाचं अंतर. ते १० सेंमी न येता ९.७ किंवा १०.२ येईल. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत ते ठरवता आलं की ३ टक्क्यांची चूक अर्ध्या टक्क्यावर आली, एक रुपया न खर्चता. (धावत्या गाडीसाठी फोटोट्रान्झिस्टरची दिरंगाई धरावी लागेल का? ती काही दशक मायक्रोसेकंदांची असते. तेवढ्यात गाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात सरकते. सोडून द्या.) हा पाच मिनिटांचा परिच्छेद ज्या रिपोर्टमध्ये असतो तो मी आदराने वाचते.

कोडबद्दल थोडक्यात. मुख्य लूपमध्ये सेन्सर वाचायचा, तिथेच एलसीडीवर लिहायचं, आणि ‘स्थिर राहावं म्हणून’ २० मिलिसेकंदांचा डिले टाकायचा, असं केलं की प्रत्येक सेन्सरची नोंद ० ते २० मिलिसेकंद उशिरा होऊ शकते. ३१३ मिलिसेकंदांत ही ६ टक्क्यांपर्यंतची चूक झाली. उनोवर दोन आणि तीन नंबरच्या पिनांना इंटरप्ट आहेत, ते वापरा, वेळेची नोंद तिथे करा, छापाछापी नंतर. एवढं पुरे.

आता दिशा बदलायची चाचणी, जी क्वचितच कुणी करतं. गाडी डावीकडून उजवीकडे १०० दाखवते आणि उलट्या दिशेने ९४. दोष कुणाचा? तीन संशयित आहेत. एक, सेन्सरच्या उंबरठ्यांतला फरक: एका दिशेने तो अंतर वाढवतो, दुसऱ्या दिशेने कमी करतो. दोन, टेबलाचा किंचित उतार. तीन, इंजिन स्वतः: मोटर आणि गिअर पुढे-मागे सारखे चालतीलच असं नाही. आता इंजिन उचलून फिरवून ठेवा आणि परत ‘पुढे’च चालवा. इंजिनाची चाल तीच राहिली, रुळावरची दिशा मात्र बदलली. म्हणजे तिसरा संशयित वेगळा काढता आला. पहिले दोघं अजून एकत्र अडकलेले आहेत. त्यांच्यासाठी दोन सेन्सर मॉड्यूल एकमेकांच्या जागी लावा. फरकाचं चिन्ह उलटं झालं तर सेन्सर दोषी, तसंच राहिलं तर उतार. चार-पाच फेऱ्यांचं काम आहे. प्रयोगाची आखणी म्हणजे काय हे यापेक्षा स्वस्तात शिकायला मिळणार नाही.

सेन्सर रुळावर नको, गाडीतच हवा, असं म्हणणाऱ्यांचे दोन लाडके मार्ग आहेत. पहिला बॅक-ईएमएफ. डिजिटल डिकोडर मोटरचा पुरवठा क्षणभर तोडतो, फिरती मोटर तेवढ्यात जनित्र होते, तिचा व्होल्टेज मोजायचा. गाडी चढावर मंदावू नये म्हणून हे झकास आहे. पण हा मोटरच्या फिरण्याचा वेग, आणि तोही चुंबकाच्या मार्फत कळलेला. साधा फेराइट चुंबक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.२ टक्का क्षीण होतो. मोटर २० अंश तापली तर ४ टक्के गेले. डिकोडरला वाटतं गाडी मंदावली, आणि तो तिला आणखी पळवतो. दुसरा मार्ग ॲक्सेलरोमीटर. दोनदा इंटिग्रेट केलं की जागा मिळते, असं अगदी आत्मविश्वासाने लिहिलेलं असतं. सेन्सरमध्ये गुरुत्वाकर्षणाच्या फक्त एका टक्क्याची कायमची चूक धरा: १० सेकंदांत जागेत जवळजवळ ४.९ मीटरची चूक. ५ मीटरच्या वर्तुळात गाडी पूर्ण फेरी चुकली! आणि ही एक टक्क्याची चूक यायला सेन्सर वाईट असायची गरज नाही. रुळाला शंभरात एकाचा चढ असला की झालं. ॲक्सेलरोमीटरला चढ आणि प्रवेग यांतला फरक कळत नाही. या मार्गाने जागा मोजल्याचा दावा दिसला तर आधी आलेख किती सेकंदांचा आहे ते बघा.

वेगाकडून जागेकडे येऊ. इथे तुलनेला एक चांगलं उदाहरण आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात सीएस ४५२ नावाचा रिअल-टाइम प्रोग्रॅमिंगचा कोर्स वर्षानुवर्षं चालत आला आहे. विद्यार्थी आधी स्वतःचा छोटा कर्नल लिहितात आणि मग त्यावर मेर्क्लिन कंपनीच्या मॉडेल गाड्या चालवतात. रुळांमध्ये ठिकठिकाणी संपर्क-सेन्सर आहेत. दोन सेन्सरच्या मधे गाडी नेमकी कुठे आहे हे प्रोग्रॅमने हिशेबाने ठरवायचं. प्रत्येक इंजिनाचा, प्रत्येक वेग-पायरीचा खरा वेग आधी मोजून ठेवायचा, कारण ‘पायरी १०’ हा वेग नसतो, ती नुसती आज्ञा असते. मला आवडलेली गोष्ट अशी, की पुढच्या सेन्सरवर गाडी कधी पोहोचेल याचं भाकीत करायचं आणि पोहोचल्यावर ते किती चुकलं हे पडद्यावर दाखवायचं, हा कामाचाच भाग असतो. आपल्या साच्यातल्या रिपोर्टमध्ये पडद्यावर फक्त उत्तर असतं. इथे उत्तराशेजारी त्याची चूकही असते.

या पद्धतीतही शिकण्यासारखे दोन खाचखळगे आहेत. मेर्क्लिनचा जुना सिरियल इंटरफेस २४०० बॉडवर चालतो, दर बाइटला ११ बिट. पाच सेन्सर मॉड्यूलचे १० बाइट वाचायचे तर ११० बिट, म्हणजे ४६ मिलिसेकंद नुसत्या वाहतुकीत गेले. सेकंदाला ५० सेंमीने धावणारी गाडी तेवढ्यात २.३ सेंमी पुढे गेलेली असते. आता नीट बघा: हा उशीर दरवेळी सारखा असेल तर वेगावर काहीच परिणाम नाही, कारण दोन वेळांच्या वजाबाकीत तो निघून जातो. जागेतून मात्र तो निघत नाही. गाडी कायम २.३ सेंमी मागे दिसते, आणि वेग वाढला की आणखी मागे. उशीर कमी-जास्त होत असेल तर दोन्ही बिघडतात. म्हणजे एकच दोष, आणि तुम्ही काय मोजताय त्यावर तो निरुपद्रवी की घातक हे ठरतं. ‘सिस्टिमची लेटन्सी नगण्य आहे’ या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही. कशासाठी नगण्य?

दुसरा खाचखळगा जास्त फसवा आहे. समजा भाकीत दरवेळी अचूक येतंय, चूक शून्याच्या आसपास. मग वेग बरोबर मोजलाय ना? नाही म्हणता येत. रुळांच्या नकाशातली सगळी अंतरं २ टक्क्यांनी मोठी लिहिली गेली असतील, तर त्यांवरून काढलेला वेगही २ टक्क्यांनी मोठा येईल, आणि अंतर भागिले वेग यात दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतील. भाकीत परिपूर्ण, वेग चुकीचा. दोन गाड्यांची टक्कर टाळायला हे चालून जातं, कारण तिथे सगळा व्यवहार स्वतःच्याच नकाशात होतो. पण ‘गाडी सेकंदाला ५० सेंमीने धावते’ असं बाहेरच्या जगाला सांगायचं असेल, तर बाहेरची एक पट्टी नकाशाला कुठेतरी लागलीच पाहिजे. तुमचा विषय मशीन लर्निंगचा असो की मातीतल्या ओलाव्याचा, मॉडेल स्वतःच्याच डेटावर जुळतंय एवढ्यावर समाधान मानलेले प्रबंध तुम्हाला पुढे भरपूर भेटतील. तेव्हा ही गाडी आठवा.

मोठ्या रेल्वेने हा प्रश्न कसा लिहून ठेवलाय ते बघण्यासारखं आहे. युरोपच्या ईटीसीएस प्रणालीत रुळांमध्ये बलीस नावाचे ठोकळे असतात. त्यांवरून गेलं की गाडीला आपली जागा नक्की कळते. पुढच्या बलीसपर्यंत चाकांच्या फेऱ्यांसारख्या मोजमापांवर हिशेब. या हिशेबाच्या अचूकतेची अट अशी आहे: ५ मीटर अधिक मोजलेल्या अंतराच्या ५ टक्के, याच्या आत. म्हणजे बलीसपासून १ किलोमीटरवर ५५ मीटर. या अटीचा आकार बघा. एक भाग कायमचा, दुसरा अंतरासोबत वाढणारा. ‘९९ टक्के अचूक’ या एका आकड्यात हे दोन्ही कोंबता येत नाहीत. आपल्याकडच्या ‘कवच’मध्येही रुळांवर आरएफआयडी टॅग बसवलेले असतात आणि इंजिन ते वाचत जातं, कल्पना तीच. मॉडेलच्या टेबलावर हेच करायचं तर चाकाला चुंबक आणि हॉल सेन्सर लावून फेऱ्या मोजा, आणि रुळात एक-दोन जागी ‘इथे शून्य करा’ अशी खूण ठेवा. मग रिपोर्टमध्ये अट त्याच आकारात लिहा: इतके मिलिमीटर, अधिक अंतराच्या इतके टक्के. दुसरा आकडा काढण्यासाठी खूण बंद करून दहा फेऱ्या फिरवा आणि चूक कशी वाढते त्याचा आलेख काढा. रेषा सरळ आली तर व्यास चुकलाय. वेडीवाकडी आली तर चाक घसरतंय. मोटर असलेल्या चाकाऐवजी मागच्या साध्या डब्याच्या चाकावर सेन्सर लावलात तर घसरण बरीच कमी होईल.

व्यासाचं मात्र मनावर घ्या. १२ मिमीच्या चाकात ०.१ मिमी चुकलं की ०.८ टक्के गेले, आणि पकडीसाठी रबराची कड चढवलेल्या चाकाचा नेमका व्यास कुठला हे व्हर्निअरलाही धड सांगता येत नाही. त्यापेक्षा मोजलेल्या रुळावर चाक ५० वेळा फिरू द्या आणि अंतराला फेऱ्यांनी भागा. खऱ्या इंजिनांनाही हा ताप आहेच. आपल्या डब्ल्यूएपी-७ इंजिनाचं नवं चाक १०९२ मिमीचं असतं आणि झिजत, कातत ते १०१६ मिमीपर्यंत वापरतात. १०१६च्या चाकावर यंत्रात १०९२ तसेच राहिले, तर गाडी १००ने धावत असताना काटा १०७च्या पुढे दाखवेल. म्हणून चाक कातून आलं की नवा व्यास यंत्रात भरावा लागतो.